उथळ पाण्याचं बेट

प्रिय दलेंदा,

फोन असताना म्हातारी पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर आपण दोघी काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस, "अम्मी, बरी आहेस ना?" मी म्हणते, "बरी आहे, अल्लाची कृपा." मग मी विचारते आणि तू तेच उत्तर देतेस. पुढे दोन्हीकडचा वारा तेवढा ऐकू येतो आणि कुणीतरी एक जण म्हणतं, "बरं मग, ठेवते." जे सांगायचंय ते त्या वाऱ्यात सांगता येण्यासारखं नाही. शेजारच्या बेयाची भाची परवा फेरीबोटीनं स्फाक्सला आणि तिथून पुढे तुमच्या महदियाला जाते आहे, तिच्या हाती हे देईन. शाळेत शिकलेलं जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर हस खुशाल. तू हसलीस की मला इथे कळतं.

इथे आता आपला खरा मोसम सुरू झालाय. उन्हाळ्यात फ्रान्सहून, इटलीहून आलेली सगळी पोरंबाळं परत गेली, लग्नांचे ढोल थांबले, आणि बेट पुन्हा आपल्यापुरतं उरलं. जिलानीकाकांनी मासे अडवायचं आपलं झावळ्यांचं कुंपण यंदाही समुद्रात रोवलं. मी मदतीला गेले होते, म्हणजे गुडघाभर पाण्यात उभी राहून झावळ्या हातात देत होते. काकांची जीभ तशीच आहे. पहिल्या दिवशी कुंपणाच्या पिंजऱ्यात चार बोटांएवढे मासे निघाले तर म्हणतात कसे, "मन्नूबिया, मोठे मासे इटलीला गेले गं, इथे आता म्हातारे आणि पोरं तेवढी राहिली." ऑक्टोपस धरायची मडकीही पाण्यात टाकून झाली. खाजणात रोहित पक्षी उतरलेत. संध्याकाळी ओहोटी लागली की पाणी लांबवर मागे सरतं, वाळू आरशासारखी होते आणि ते पक्षी आकाशातच उभे असल्यासारखे दिसतात. तुला आठवत असेल. विहीर मात्र आणखी खारट झाली आहे. किनाऱ्यालगतच्या खजुरीची पहिली रांग वाळली, नुसते बुंधे उभे आहेत. चहाला पाणी आता बाटलीचं घेते, पण कुसकुस वाफवायला अजून विहिरीचंच. तेवढं मीठ कमी टाकायचं.

ऑगस्टमध्ये हॉटेलात उतरलेली एक परदेशी बाई चालत चालत आपल्या दारापर्यंत आली होती. उन्हानं लाल झाली होती बिचारी. बसवलं, पाणी दिलं, अंजिरं दिली. बेयाची भाची आमच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. ती बाई उंबऱ्यावरून किती तरी वेळ समुद्राकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान आहात! केवढी ही शांतता!" बेया लगेच म्हणाली, "हिला सांग, हवी तेवढी पिशवीत भरून ने, आमच्याकडे खूप पडली आहे." भाचीनं ते सांगितलं की नाही कोण जाणे, बाई गोड हसली आणि माझा हात क्षणभर हातात धरून निघून गेली. मला तिचा राग नाही आला. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. संध्याकाळचं ते पाणी, दूरवर एखादं शीड, भाकरी भाजल्याचा वास, आणि कुठे काही आवाज नाही. ह्याहून सुंदर काय असणार? पण तिच्या वाट्याला ती शांतता चार दिवसांची आली होती. चार दिवसांची मलाही गोड लागली असती.

तू सून म्हणून पहिल्यांदा ह्या दारात आलीस ते वर्ष आठवतं. महदियाची पोर, खडकांवर आपटणाऱ्या निळ्या खोल पाण्याशेजारी वाढलेली. दुसऱ्याच सकाळी माझा जलूल तुला कुंपण दाखवायला घेऊन गेला. अर्धा तास चाललात तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. घरी आलीस ती चपला हातात घेऊन, घागरा भिजलेला, आणि माझ्याच समोर त्याला म्हणालीस, "ह्याला तुम्ही समुद्र म्हणता? आमच्याकडे ह्याला डबकं म्हणतात." नवी नवरी असं बोलते म्हणून बेयानं तोंडावर हात ठेवला. तो मात्र गंभीर चेहरा करून म्हणाला, "आमचा समुद्र सभ्य आहे, बाईसाहेब. माणसाला कमरेच्या वर हात लावत नाही." त्या दिवशी इतकं हसलो आपण की चुलीवरचा रस्सा लागला. सकाळी उशिरा उठणारा, बेसूर गाणारा, जाळं दुरुस्त करायला बसला की गप्पांत दिवस घालवणारा माझा मुलगा. तो तुझ्यासाठी पहाटे उठून खजुरीची ताजी नीरा आणायला जायचा. मला कधी आणली नव्हती. मी त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, "अम्मी, तू हाक मारून उठवतेस. ती उठवत नाही, म्हणून उठावं लागतं."

तो सभ्य समुद्र जिथे संपतो, तिथून पुढे खोल पाणी आहे, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला तेव्हा लांबवर टाकलेली मडकी ओढून आणायला तो एकटाच गेला. त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तू तिथेच होतीस, धक्क्यावर, माझ्या शेजारी. होडी सापडली ती पार लिबियाच्या बाजूला, कुठेही मोड नाही, शीड व्यवस्थित गुंडाळून बांधलेलं. त्या बांधलेल्या शिडानंच माझा घात केला, पोरी. उलटी होडी मिळाली असती तर मी रडले असते आणि उठले असते. पण शीड बांधायला माणूस लागतो, शुद्धीवर असलेला माणूस. मग तो कुणाच्या तरी जहाजावर चढला असेल, कुणी पकडून तुरुंगात टाकला असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. प्रत्येकानं मला एक एक वाट दाखवली आणि मी प्रत्येक वाटेवर दिवा लावून बसले. तूही बसलीस. तुझं वय तेव्हा पंचवीससुद्धा नव्हतं.

झरझीसची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, तूही नसशील सांगितली. तिथल्या दवाखान्यात एक माणूस आहे, समुद्रातून काढलेला, बोलत नाही, उंची तीच, असा निरोप आला. आपण दोघी बसमध्ये दिवसभर एकमेकींचा हात धरून बसलो होतो. तू पिशवीत त्याचा सदरा घेतला होतास, इस्त्री केलेला. त्या खोलीत आपण शिरलो आणि दारातूनच दोघींना कळलं. तरी मी पुढे गेले. तो बिचारा कुणाचा कोण, त्यानं माझा हात धरला आणि सोडेना. डोळे असे लावले माझ्यावर, की ह्याची आई कुठल्या दारात बसली असेल असं मनात आलं आणि मी तुझ्याकडे वळून म्हटलं, "आपण ह्यालाच घेऊन जाऊ या का?" तू आधी हसलीस, मग रडलीस, मग परिचारिका आत आली तेव्हा आपण दोघी एकाच वेळी दोन्ही करत होतो. तो सदरा तू त्याच्या उशाशी ठेवलास. परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, "अम्मी, निदान कुणाच्या तरी अंगाला येईल." मला वाटतं, तुला तेव्हाच सगळं कळून चुकलं होतं. पण माझ्या तोंडाकडे बघून तू पुढे काही बोलली नाहीस.

नंतर तुझ्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि तू थोड्या दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलीस. ते गेले, तू मागावर बसलीस, थोड्या दिवसांची वर्षं झाली. तरी दर ईदला येतेस, माझ्या खोलीला चुना लावतेस, भांडी घासून उन्हात मांडतेस आणि जाताना म्हणतेस, "काही कळलं तर फोन कर." सहा वर्षांत एकदाही तू म्हणाली नाहीस की अम्मी, आता पुरे. कोर्टानंसुद्धा त्याला मृत ठरवून कधीच तसं म्हणून टाकलं होतं. त्या निकालाचा कागद घेऊन आला म्हणून मी तुझ्या भावाला दारातून हाकलून दिलं होतं आणि तू त्याच्याऐवजी माझी माफी मागायला आली होतीस.

तर आता खरी बातमी. गेल्या महिन्यात तुझा भाऊ हम्मादी येऊन गेला. तुला त्यानं सांगितलं नसणार, मीच सांगू नकोस म्हटलं होतं. हातात खजूर भरलेल्या मिठाईचा डबा, नवा सदरा, आणि चेहरा असा की जणू दात काढायला आलाय. मी ऑक्टोपस घालून कुसकुस केला. त्यानं दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला, पण बोलायचं नाव नाही. मला विहिरीचं विचारतो, फेरीबोटीचं विचारतो, जिलानीकाकांच्या गुडघ्याचं विचारतो. शेवटी मीच म्हटलं, "हम्मादी, तू माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या गुडघ्यासाठी समुद्र ओलांडून आलास होय रे?" तेव्हा कुठे त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "खाला, एक माणूस आहे. मुन्सिफ नावाचा. आमच्या मागांना लागणारं रेशीम रंगवतो. बायको वारली, घरात एक लहान मुलगी आहे. हात नेहमी निळे नाहीतर लाल असतात त्याचे, पण माणूस स्वच्छ आहे. दोन वर्षं झाली त्याला विचारून." मी विचारलं, "आणि दलेंदा काय म्हणते?" त्यानं मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "ती नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही, खाला. ती म्हणते, ज्या दिवशी माझी सासू वाट बघायची थांबेल, त्या दिवशी मला विचारा. ती तिथे एकटी दाराशी बसलेली असताना मी इथे दुसऱ्याच्या घरी दिवा लावू?" मी त्याला विचारलं, ती त्या मुलीशी कशी वागते? तो म्हणाला, "ती पोर आमच्याकडे आली की दलेंदाच्या मागाखाली जाऊन बसते आणि दोघी गातात. खाला, दलेंदा गाते."

तू गातेस, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या घरात तू कधी गायली नव्हतीस, कारण गाणाऱ्याचं काम जलूलनं घेतलं होतं. आणि नंतर तर कोण गाणार होतं?

 हम्मादीला मी वाळवलेल्या ऑक्टोपसची पिशवी बांधून दिली आणि धक्क्यापर्यंत पोचवलं. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. ओहोटीला मी एकटीच पाण्यात चालत जायची, कुंपणापर्यंत, तिथून आणखी पुढे, पाणी गार होऊ लागेपर्यंत. तिथे उभी राहून जलूलला विचारायची, काय करू रे?  शेवटी जलूलची जनाज्याची नमाज पढवून घेते असं बेयाला सांगितलं तर ती भडकली. म्हणाली, "आई आहेस की कोण? तुझ्याच तोंडानं पोराला पुरतेस? उद्या दारात उभा राहिला तर काय सांगशील त्याला?" मी म्हटलं, "सांगेन, ये, जेवायला बस." ती रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "दलेंदा माझी सून असती तर मी तिला कधीच सोडली नसती." मी म्हटलं, "म्हणूनच अल्लानं ती तुला दिली नाही." त्यावर आम्ही दोघी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती गरम भाकरी घेऊन आली आणि कधी करायचंय तेवढंच विचारलं.

आपल्या मशिदीचे शेख तय्यब दर वर्षी मला ह्या नमाजेचं विचारायचे, आणि दर वर्षी मी त्यांना परत पाठवायची. ह्या वेळी मीच मशिदीच्या दाराशी गेले. जलूलची जनाज्याची नमाज पढा म्हटलं. मय्यत नाही तर नाही, पण पढा. ते म्हातारे, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मन्नूबिया, तुझी खात्री पटली का?" मी म्हटलं, "शेखसाहेब, हे एक सोडून काहीही विचारा." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शुक्रवारच्या नमाजेनंतर त्यांनी त्याचं नाव घेतलं, पूर्ण नाव, त्याच्या बापाचं, आजाचं. मी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होते. गावात एवढी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. खाजणापलीकडचेही आले होते. जे त्याच्याशी भांडलेले होते तेही.

मग घरी सगळ्यांना जेवायला घातलं. बायकांनी आदल्या दिवसापासून जवाचा कुसकुस वळला, जिलानीकाकांनी कुंपणातला सगळा मासा आणून टाकला. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. इतकी वर्षं माझ्यासमोर ह्या गावातलं कुणीही जलूलबद्दल 'होता' म्हणालं नव्हतं. जलूलला हे आवडतं, जलूल असा आहे, जलूल तसा आहे. दुकानदार, शेजारी, लहान मुलंसुद्धा. मला वाटायचं, त्यांनाही माझ्यासारखीच आशा आहे. त्या दिवशी परातीभोवती सगळे बसले होते, लाल मिरचीची हरीसा फिरत होती, आणि जिलानीकाका सहज बोलून गेले, "जलूलला माशाचं डोकं फार आवडायचं." बोलले आणि हात घास घेतलेला तसाच थांबला. सगळे थांबले. बेयानं माझ्याकडे बघितलंच नाही. कुणी तरी खोकलं. मी म्हटलं, "हो, आवडायचं. आणि चाखून चाखून इतका वेळ लावायचा की भांडी घासायला मला उशीर व्हायचा." मग काय विचारतेस, बांध फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले. कुणी त्याचं गाणं सांगितलं, कुणी त्यानं होडीला दिलेलं नाव, कुणी त्यानं शेखसाहेबांच्या गाढवाला कशी टोपी घातली ते. माझ्या एकटीसाठी सारं गाव सहा वर्षं श्वास रोखून बसलं होतं, दलेंदा. ते हसत होते आणि म्हणत होते, अल्ला त्याच्यावर दया करो. मी प्रत्येकाला आमीन म्हणत होते. सगळे गेल्यावर मी परात धुवायला बसले तेव्हा मला उठता येईना. बेयानं उठवलं.

तेव्हापासून घर फार मोठं वाटतं. पूर्वी मी वाट बघायची, ते एक काम होतं. माणसाचा दिवस त्यात जातो. चार वाजता फेरीबोट लागली की दाराशी जायचं, उतरणाऱ्यांकडे बघायचं, परत यायचं. आता चार वाजता मी काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. परवा अंजिराच्या झाडाला उगाच पाणी घातलं, त्याला लागत नसताना. जिलानीकाका म्हणतात, मांजर पाळ. बघू.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की मी वाट बघायची थांबले आहे, आणि ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. हम्मादीकडून नको, फोनवर तर नकोच. नमाज झाली, गाव जेवून गेलं, आता मागे हटायला मलाही जागा नाही. ज्या दिवशी तुला विचारायचं होतं तो दिवस आला, पोरी, आणि विचारते आहे मीच. मुन्सिफला हो म्हण. त्याच्या त्या मुलीला मागाखाली नको, शेजारी बसव. तुझी आई नाही, म्हणून मेंदी लावायला मी येईन, तुला माझ्यासमोर लाजायची गरज नाही, आणि मला रडू आलं तर ते आनंदाचं आहे असं लोकांना सांगायचं. मी आतून खरंच थांबले का, हे मात्र मला कधी विचारू नकोस, शेखसाहेबांनाही मी ते विचारू दिलं नाही. आणि त्याच्या घरात पाऊल टाकताना मागे वळून बघू नकोस. मागे बघायला मी आहे.

तुझीच, लग्नानंतरही तू जिला अम्मीच म्हणशील ती,
मन्नूबिया